औषधाचा परिणाम आणि आजाराचे कारण : ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्या मेंदूरसायनविषयक संशोधनाचे चिकित्सक परिशीलन

सारांश

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ ज्युलियस ॲक्सेलरॉड (१९१२–२००४) यांनी मेंदूतील संदेशवाहक रसायने, त्यांचे विघटन करणारी विकरे आणि त्यांवर होणारा औषधांचा परिणाम यांविषयी मूलभूत संशोधन केले. याच संशोधनाचा आधार घेऊन ‘नैराश्य म्हणजे मेंदूतील रसायनांचा असमतोल’ ही समजूत पुढे रूढ झाली. प्रस्तुत लेखात ॲक्सेलरॉड यांच्या प्रमुख प्रयोगांची तर्करचना तपासली असून, त्या प्रयोगांतून प्रत्यक्षात काय सिद्ध होते व काय होत नाही याचा विचार केला आहे. कार्यावरून कारणाचे अनुमान करण्याविषयी न्यायदर्शनाने जी सावधगिरी सांगितली आहे, ती येथे कसोटी म्हणून वापरली आहे.

बीजशब्द : ॲक्सेलरॉड, विकर, नॉरॲड्रेनॅलिन, पुनर्ग्रहण, रिसर्पिन, शेषवत् अनुमान, नैराश्य.

प्रस्तावना

वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतून, मानसिक आरोग्याच्या माहितीपत्रकांतून आणि समुपदेशकांच्या बोलण्यातून ‘मेंदूतील रसायनांचा असमतोल’ हा शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. नैराश्य हा मनाचा दुबळेपणा किंवा मागील जन्मीचे पाप नसून तो एक आजार आहे, हे सांगण्यासाठी या शब्दप्रयोगाचा उपयोग झाला, ही गोष्ट नाकारता येणार नाही. रुग्णाला दोष देणाऱ्या कुटुंबाला गप्प करण्याचे काम त्याने अनेकदा केले असेल. परंतु एखादे विधान उपयुक्त असणे आणि ते सत्य असणे या दोन भिन्न गोष्टी होत. उपयुक्त विधान पुढे असत्य ठरले, तर त्याच्या आधारावर उभा राहिलेला विश्वासही ढासळतो. म्हणून हे विधान आले कोठून आणि ते ज्या संशोधनाचा हवाला देते त्या संशोधनात ते खरोखर आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

या विधानाचा माग काढीत गेल्यास आपण अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील एका प्रयोगशाळेपाशी येऊन पोहोचतो. तेथे १९५५ पासून काम करणाऱ्या ज्युलियस ॲक्सेलरॉड यांना १९७० साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लंडनचे बर्नार्ड कॅट्झ आणि स्टॉकहोमचे उल्फ फॉन ऑयलर हे त्या पारितोषिकाचे अन्य दोन मानकरी होते. मज्जातंतूंच्या टोकांशी असणारी संदेशवाहक रसायने कशी साठवली जातात, कशी बाहेर सोडली जातात आणि कशी निष्क्रिय होतात, यांविषयीच्या शोधांसाठी हा गौरव होता. या गौरवात कोणत्याही मानसिक आजाराचे कारण सापडल्याचा उल्लेख नाही, ही बाब आरंभीच नोंदवणे इष्ट होय. ॲक्सेलरॉड यांनी जे सिद्ध केले आणि त्यांच्या नावावर जे जमा झाले, त्यांत अंतर आहे. हे अंतर कोठे पडले हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. विश्लेषणाची शिस्त

न्यूयॉर्कमधील स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मलेल्या ॲक्सेलरॉड यांनी १९३३ साली सिटी कॉलेजातून पदवी घेतली. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळू शकला नाही. पुढे अन्नपदार्थांत घातलेल्या जीवनसत्त्वांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी सुमारे दहा वर्षे नोकरी केली. तेथील एका अपघातात त्यांची डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. पीएच.डी. ही पदवी त्यांना १९५५ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास मिळाली. त्यांच्या चरित्राचा हा भाग प्रेरककथा म्हणून वारंवार सांगितला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची आहे. अल्प प्रमाणातील द्रव्य अचूक मोजण्याची सवय त्यांना जीवनसत्त्वांच्या तपासणीतून लागली आणि हीच सवय त्यांच्या पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरली.

१९४६ साली त्यांनी बर्नार्ड ब्रॉडी यांच्याबरोबर ॲसिटॲनिलाइड या वेदनाशामक औषधाचा अभ्यास हाती घेतला. या औषधाने वेदना कमी होत, परंतु काही रुग्णांच्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये घातक बदल होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटत असे. एकाच औषधाचे हे दोन परिणाम एकाच द्रव्यामुळे होतात की भिन्न द्रव्यांमुळे, हा प्रश्न होता. शरीरात ॲसिटॲनिलाइडचे रूपांतर कशाकशात होते हे मोजल्यावर असे आढळले की, हिमोग्लोबिनमधील दोष त्यापासून तयार होणाऱ्या ॲनिलीनमुळे येतो, तर वेदनाशमन मुख्यतः दुसऱ्याच एका द्रव्यामुळे होते. ते दुसरे द्रव्य स्वतंत्रपणे दिले असता वेदना कमी झाल्या आणि रक्तातील दोष मात्र निर्माण झाला नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातील ते द्रव्य म्हणजे आज घरोघरी माहीत असलेले पॅरासिटामॉल होय.

या प्रयोगाची तर्करचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. औषध दिले आणि परिणाम झाला, एवढ्यावर येथे समाधान मानलेले नाही. परिणाम नेमका कोणत्या द्रव्याचा, हे ठरवण्यासाठी ते द्रव्य वेगळे काढून त्याची स्वतंत्र परीक्षा घेतली आहे. शिवाय पॅरासिटामॉलने डोकेदुखी थांबते म्हणून शरीरात पॅरासिटामॉलची कमतरता हेच डोकेदुखीचे कारण, असा निष्कर्ष कोणीही काढला नाही. येथे हे उघड वाटते. परंतु याच स्वरूपाचा निष्कर्ष पुढे मेंदूच्या बाबतीत काढला गेला, तेव्हा तो फारसा कोणाला खटकला नाही.

२. विकराचा शोध : एका अपयशाचे मूल्य

मेंदूच्या संशोधनात ॲक्सेलरॉड यांचा प्रवेश एका आजारविषयक गृहीतकामुळेच झाला. १९५४ साली हॉफर, ऑस्मंड आणि स्मायथीज यांनी असा तर्क मांडला होता की, शरीरातील ॲड्रेनॅलिनचे रूपांतर ॲड्रेनोक्रोम या द्रव्यात होते आणि तेच स्किझोफ्रेनिया या आजाराच्या मुळाशी असावे. संस्थेतील वरिष्ठ शास्त्रज्ञ सेमूर केटी यांनी या तर्काची माहिती एका व्याख्यानात दिली. ॲड्रेनॅलिनचे ॲड्रेनोक्रोम करणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, शोधून काढावे असे ॲक्सेलरॉड यांनी ठरवले. काही महिने प्रयत्न करूनही तसे विकर सापडले नाही, तेव्हा त्यांनी तो शोध सोडून दिला.

१९५७ साली मार्विन आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाचा गोषवारा त्यांच्या वाचनात आला. अधिवृक्क ग्रंथीच्या एका विशिष्ट गाठीने आजारी असलेल्या रुग्णांच्या मूत्रात व्हॅनिलमँडेलिक आम्ल मोठ्या प्रमाणात सापडते, असे त्यात म्हटले होते. या आम्लाच्या रेणूत एक मिथाइल गट जोडलेला असतो, म्हणजे शरीरात कोठेतरी ॲड्रेनॅलिनवर्गीय रसायनांना मिथाइल गट जोडणारे विकर असले पाहिजे, हे ॲक्सेलरॉड यांनी ताडले. यकृताच्या अर्कात ॲड्रेनॅलिन आणि मिथाइल गट पुरवणारी द्रव्ये मिसळून त्यांनी ते विकर दाखवून दिले. त्याचे नाव कॅटेकोल-ओ-मिथाइलट्रान्सफरेज. संक्षेपाने त्याला ‘कॉम्ट’ म्हणतात. या क्रियेत तयार होणारे मेटानेफ्रिन हे द्रव्यही त्यातूनच ओळखले गेले. वर उल्लेखिलेल्या गाठीच्या निदानासाठी आज रक्तातील व मूत्रातील मेटानेफ्रिनवर्गीय द्रव्ये मोजतात, ती याच शोधाची फलश्रुती होय.

या प्रकरणी समीक्षेच्या दृष्टीने दोन गोष्टी नमूद कराव्या लागतात. पहिली अशी की, आकर्षक आजारविषयक गृहीतक पुराव्याअभावी सोडून देण्याची तयारी ॲक्सेलरॉड यांनी दाखवली. दुसरी अशी की, जे विकर सापडले त्याचा आरंभीच्या गृहीतकाशी संबंध उरला नाही. मानसिक आजाराचे मूळ शोधण्यासाठी आरंभलेल्या कामातून शरीराच्या सामान्य व्यवहाराचे ज्ञान मिळाले. या दोहोंतील भेद ॲक्सेलरॉड यांच्या कामात स्पष्ट राहतो. त्यांच्या कामाचा अर्थ लावणाऱ्यांच्या लेखनात मात्र तो पुसट होत जातो.

३. पुनर्ग्रहण : अपेक्षाभंगातून निघालेला शोध

संदेशवाहक रसायनाचे काम संपल्यावर त्याचे पुढे काय होते, हा त्या काळी महत्त्वाचा प्रश्न होता. ॲसिटिलकोलिन या रसायनाचे विकराद्वारे तत्काळ विघटन होते, हे माहीत होते. तेव्हा नॉरॲड्रेनॅलिनचेही तसेच होत असावे, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. मोनोअमाइन ऑक्सिडेज आणि कॉम्ट ही त्याचे विघटन करणारी दोन विकरे ज्ञात होती. परंतु ही दोन्ही विकरे रोखून धरली तरीही शरीरात टोचलेल्या ॲड्रेनॅलिनचा परिणाम लवकर ओसरतो, असे दिसून आले. आपणच शोधलेले विकर या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नाही, हे मान्य करणे कोणत्याही संशोधकाला सोपे नसते. ॲक्सेलरॉड यांनी ते मान्य केले.

यानंतरचा प्रयोग त्यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना मानता येईल. मांजराच्या मानेच्या एका बाजूची अनुकंपी मज्जातंतूंची गुच्छिका काढून टाकण्यात आली आणि त्या बाजूचे मज्जातंतू नष्ट होईपर्यंत थांबण्यात आले. त्यानंतर किरणोत्सारी ट्रिटियमची खूण असलेले नॉरॲड्रेनॅलिन टोचण्यात आले. मज्जातंतू शाबूत असलेल्या बाजूच्या ऊतकांत ते साठले. नष्ट झालेल्या बाजूला ते जवळजवळ साठलेच नाही. प्राणी एकच, रक्त एकच, द्रव्य एकच. फरक केवळ मज्जातंतू असण्या-नसण्याचा. १९६१ च्या सुमारास हर्टिंग आदी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या या प्रयोगांवरून असा निष्कर्ष निघाला की, मज्जातंतूचे टोक आपण सोडलेले रसायन स्वतःच परत आत ओढून घेते. या क्रियेस पुनर्ग्रहण म्हणतात. मज्जातंतू उद्दीपित केल्यावर हे साठलेले किरणोत्सारी रसायन पुन्हा बाहेर पडते, हेही दाखवण्यात आले.

औषधांचा संबंध येथे येतो. कोकेन दिलेल्या प्राण्यांच्या ऊतकांत नॉरॲड्रेनॅलिनचे ग्रहण घटते, असे आढळले. इमिप्रामिन हे औषधही हेच करते, असे १९६१ साली दिसून आले. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलँड कून यांनी हे औषध नैराश्यावर गुणकारी असल्याचे १९५७ साली प्रसिद्ध केले होते. पुढे १९६४ साली झाक ग्लोविन्स्की यांच्यासह ॲक्सेलरॉड यांनी उंदरांच्या मेंदूतील पोकळीत खूण केलेले नॉरॲड्रेनॅलिन सोडून दाखवले की, नैराश्यावर गुणकारी ठरलेली इमिप्रामिनवर्गीय औषधे मेंदूतही पुनर्ग्रहण रोखतात. रचनेने त्यांसारखीच, परंतु गुणकारी नसलेली द्रव्ये मात्र ते रोखत नाहीत.

हे काम ज्या प्रथिनामार्फत चालते, त्याचे जनुक १९९१ साली वेगळे करण्यात आले. २०१३ साली फळमाशीतील डोपामिनवाहक प्रथिनाची आणि २०१६ साली मानवी सेरोटोनिनवाहक प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. नैराश्यावरील औषधाचा रेणू या प्रथिनाच्या मध्यवर्ती खोबणीत जाऊन बसतो व वाट अडवतो, हे या रचनांत प्रत्यक्ष पाहता आले. मांजरावरील प्रयोगातून केवळ अनुमानाने मांडलेली गोष्ट अर्धशतकानंतर अणूंच्या पातळीवर खरी ठरली. ॲक्सेलरॉड यांच्या मूळ निष्कर्षाचा भक्कमपणा यावरून लक्षात येतो.

४. परिणामाकडून कारणाकडे

पुनर्ग्रहण रोखले की दोन चेतापेशींमधील फटीत नॉरॲड्रेनॅलिन अधिक काळ टिकते. हे रोखणारी औषधे नैराश्य कमी करतात. यावरून असा विचार पुढे आला की, नैराश्यात मुळात नॉरॲड्रेनॅलिनची कमतरता असली पाहिजे. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी हे गृहीतक व्यवस्थित मांडले. आपले गृहीतक गुंतागुंतीच्या स्थितीचे अतिसुलभीकरण आहे, याची जाणीव त्यांनी स्वतःच त्या लेखात दिली होती. पुढे सेरोटोनिनविषयी अशीच मांडणी झाली आणि १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाल्यानंतर मूळ लेखकाची सावधगिरी बाजूला पडून ‘असमतोल’ हा शब्द जाहिरातींत व लोकभाषेत स्थिरावला.

या गृहीतकाचा दुसरा आधारस्तंभ भारतीय होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सर्पगंधा ही वनस्पती उन्माद व निद्रानाश यांवर आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या वापराचा अनुभव प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिकामा करते, हे पुढील काही वर्षांत उघड झाले. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदीही याच काळातील आहेत. साठा रिकामा झाला की खिन्नता येते आणि रसायन टिकवले की ती जाते. दोन्ही बाजू जुळल्यासारख्या वाटल्या.

परंतु ही जुळणी वाटते तितकी नेटकी नव्हती. १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांवर रिसर्पिनची नियंत्रित चाचणी घेतली, तेव्हा त्यांना रुग्णांत सुधारणा आढळली होती. म्हणजे साठा रिकामा करणाऱ्या औषधाने खिन्नता वाढण्याऐवजी कमी झाली. गृहीतकाच्या विरोधात जाणारा हा पुरावा गृहीतकाच्या दहा वर्षे आधीच उपलब्ध होता. २००३ साली बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासून रिसर्पिनमुळे नैराश्य येते या समजुतीस पुरेसा आधार नाही असे प्रतिपादन केले, तोवर ही समजूत पाठ्यपुस्तकांत मुरून गेली होती.

५. न्यायदर्शनाची कसोटी

कार्यावरून कारण जाणण्याच्या या रीतीचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झाला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात शेषवत् अनुमानाचे जे उदाहरण दिले आहे ते प्रसिद्ध आहे : नदीला पूर आलेला पाहून वरच्या बाजूस पाऊस पडला असावा, असे आपण जाणतो. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर पूर्वपक्षाचा आक्षेप येतो. नदीचे पाणी खाली कोठेतरी अडवल्यामुळेही ते फुगू शकेल. मग पुरावरून पावसाचे अनुमान प्रमाण कसे मानावे? या आक्षेपाला दिलेले उत्तर मार्मिक आहे. केवळ पाणी वाढले एवढ्यावरून पावसाचे अनुमान करायचे नसते. प्रवाहाचा वेग वाढलेला असणे, त्यावर फेस असणे, फळे, पाने व लाकडे वाहून येणे या विशेष खुणा जेथे दिसतात, तेथेच ते अनुमान खरे ठरते. दोष अनुमानाचा नसून अपुऱ्या खुणेवर विसंबणाऱ्या माणसाचा असतो.

पुनर्ग्रहण रोखणारे औषध म्हणजे एका अर्थी बांधच होय. बांध घातल्याने पाणी वाढले आणि शेते भिजली, यावरून यंदा वर पाऊसच पडला नव्हता असे सिद्ध होत नाही. शेते सुकण्याची कारणे अनेक असू शकतात. पाण्याच्या कमतरतेचे अनुमान करायचे तर कमतरतेच्या स्वतंत्र खुणा दाखवाव्या लागतील.

अशा खुणा दाखवणे अशक्य नसते, हे कंपवाताच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्नीकीविच यांनी कंपवाताने मृत झालेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन अत्यंत घटल्याचे प्रत्यक्ष मोजून दाखवले. त्यानंतर १९६१ पासून लेव्होडोपा देऊन ही कमतरता भरून काढण्याचे प्रयत्न झाले आणि रुग्णांच्या हालचाली सुधारल्या. येथे कमतरतेचा पुरावा औषधाच्या गुणावर अवलंबून नाही. तो आधीच, स्वतंत्रपणे हाती आलेला आहे. न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचे तर येथे फेस आणि पाने दिसली आहेत. मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी लेव्होडोपा नष्ट होऊ नये म्हणून आज एन्टाकापोनसारखे जे औषध देतात, ते ॲक्सेलरॉड यांनी शोधलेल्या कॉम्ट या विकरालाच रोखते, हेही येथे नमूद करावयास हवे.

६. नैराश्याच्या बाबतीत पुरावा काय सांगतो?

नैराश्याच्या बाबतीत अशा स्वतंत्र खुणा शोधण्याचे प्रयत्न अनेक दशके झाले. त्यांतून तीन अडचणी पुढे आल्या. पहिली अडचण काळाची. औषध पुनर्ग्रहण काही तासांतच रोखते, तर रुग्णाला आराम पडण्यास बहुधा काही आठवडे लागतात. कमतरता हेच कारण असते तर ती भरून निघताच आराम पडावयास हवा होता. दुसरी अडचण अपवादांची. कोकेन पुनर्ग्रहण प्रभावीपणे रोखते, तरी ते नैराश्यावरचे औषध ठरले नाही. उलट २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एस्केटामिन मुख्यतः ग्लुटामेटच्या ग्राही प्रथिनावर काम करते. तिसरी अडचण प्रत्यक्ष मोजमापाची. सेरोटोनिनविषयीच्या विविध प्रकारच्या पुराव्यांचा एकत्रित आढावा जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली घेतला. त्यात नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होते याला सुसंगत आधार मिळाला नाही. या आढाव्याच्या पद्धतीवर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतले, परंतु साध्या कमतरतेचे गृहीतक जसेच्या तसे टिकत नाही, याबाबत आक्षेपकांतही फारसा मतभेद दिसत नाही.

जनुकांच्या मार्गानेही हाच अनुभव आला. कॉम्ट या विकराच्या जनुकातील एका लहानशा फरकाचा संबंध स्वभाव, धैर्य, चिंता आणि नैराश्य यांच्याशी जोडणारे संशोधन मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध झाले होते. २०१९ साली बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी, नैराश्याशी संबंध असल्याचे मानली गेलेली अठरा जनुके लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तेव्हा त्यांतील कोणत्याही जनुकाला इतर जनुकांहून विशेष स्थान असल्याचे आढळले नाही.

तथापि यावरून औषधे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे म्हणजे तीच चूक उलट दिशेने करणे होय. २०१८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चिप्रियानी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ५२२ चाचण्यांतील १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यात तपासलेली २१ ही औषधे प्रौढांच्या तीव्र नैराश्यात निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, जरी हा फरक सरासरीने माफक होता. औषध गुणकारी आहे आणि त्याच्या गुणावरून आजाराचे कारण ठरत नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात. पॅरासिटामॉलच्या बाबतीत ही गोष्ट समजण्यास आपणास कधीच अडचण आली नव्हती.

७. ॲक्सेलरॉड यांच्या पद्धतीच्या मर्यादा

वरील विवेचनावरून सर्व दोष नंतरच्या भाष्यकारांचा आणि ॲक्सेलरॉड सर्वस्वी निर्दोष, असे मानणे सोयीचे असले तरी ते न्याय्य होणार नाही. १९६४ च्या प्रयोगात गुणकारी औषधे आणि पुनर्ग्रहणाचा रोध यांची जी सांगड दाखवली गेली, तीच कमतरतेच्या गृहीतकाचा सर्वांत प्रबळ आधार बनली. ही सांगड औषधाचा मार्ग दाखवते, आजाराचा उगम दाखवत नाही. परंतु हा भेद त्या सांगडीच्या पोटात इतका दडलेला आहे की, वाचणाऱ्याने घसरावे हे जवळजवळ अटळ होते.

दुसरी मर्यादा मोजमापाशी निगडित आहे. ज्या द्रव्याला किरणोत्सारी खूण लावता आली आणि जे अचूक मोजता आले, त्याचे ज्ञान वाढले. जे सहज मोजता येत नव्हते ते चर्चेच्या बाहेर राहिले. नॉरॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या चेतापेशींची संख्या मेंदूतील एकूण चेतापेशींच्या मानाने अत्यल्प आहे, तरी कित्येक वर्षे मनोविकारांची चर्चा या व अशा मोजक्या रसायनांभोवतीच फिरत राहिली. ग्रहण करणाऱ्या पेशीच्या आत पुढे काय घडते, हा प्रश्न पॉल ग्रीनगार्ड यांनी प्रथिनांना फॉस्फेट गट जोडणाऱ्या विकरांच्या अभ्यासातून हाताळला; त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रसायन फटीत किती आहे यापेक्षा त्याने पेशीतील प्रथिनांत कोणते मंद बदल घडतात, हे पाहणे औषधाच्या विलंबित परिणामाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरणारे आहे.

तिसरी मर्यादा प्रयोगविषयाची. मांजराचे हृदय व प्लीहा आणि उंदराचा मेंदू यांत पुनर्ग्रहण सिद्ध होते. खिन्नता सिद्ध होत नाही. उंदराची मंद हालचाल आणि माणसाचे दुःख यांना एकच नाव देण्यात जो धोका आहे, तो जीवरसायनशास्त्राच्या साधनांनी टळणारा नाही. तेथे मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि साहित्य यांचीही साक्ष काढावी लागते.

समारोप

ॲक्सेलरॉड यांच्या संशोधनाचे मोल या चिकित्सेने कमी होत नाही, उलट ते अधिक नेमके होते. शरीर आपली रसायने कशी मोडते, कशी साठवते आणि कशी परत घेते हे त्यांनी दाखवले, आणि औषधे या व्यवहारात कोठे हस्तक्षेप करतात हेही दाखवले. आजार का होतो, हे त्यांनी दाखवले नाही. ॲड्रेनोक्रोमचा तर्क सोडताना आणि स्वतःच्या विकराची मर्यादा मान्य करताना जी शिस्त त्यांनी पाळली, ती त्यांच्या निष्कर्षांचा वापर करणाऱ्यांनी पाळली असती, तर ‘असमतोल’ हा शब्द इतक्या सहजपणे आपल्या भाषेत रुजला नसता.

हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राचा नाही. ज्या रुग्णाला ‘तुमच्या मेंदूत रसायन कमी आहे, गोळी ते भरून काढील’ असे सांगितले जाते, तो एखादे दिवशी हे विधान खोटे ठरल्याची बातमी वाचतो आणि वैद्याला न विचारता गोळी बंद करतो. यात त्याचे मोठे नुकसान होऊ शकते. उलट, आजार गोळीपुरताच आहे असे मानणारे कुटुंब कर्ज, बेकारी, वियोग, घरातील छळ यांकडे पाहण्याचे टाळते. दोन्हीकडे हानी रुग्णाचीच होते. त्याऐवजी असे सांगता येईल : हे औषध मेंदूतील काही रसायनांच्या व्यवहारावर परिणाम करते, काही आठवड्यांत अनेकांना त्याने आराम पडतो, सर्वांना पडत नाही, ते वैद्याच्या सल्ल्यानेच सुरू किंवा बंद करावे, आणि तुमच्या आजाराची कारणे एकाहून अधिक असू शकतात. या विधानात ‘असमतोल’ या शब्दाइतका आटोपशीरपणा नाही. परंतु ते पुराव्याला धरून आहे, आणि उद्याच्या बातमीने ते खोटे ठरण्याची शक्यता कमी आहे. आरोग्यविषयक मराठी लेखनाने आणि महाविद्यालयांतील समुपदेशनाने या सावध भाषेचा अंगीकार करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.